दाराजवळची खुर्ची

तीन दिवसांचं शिबिर. चर्चमागचा हॉल,
लग्नाच्या लाल खुर्च्या गोल मांडलेल्या,
बाहेर शरणपूर रोडवर रिक्षांचा कालवा.
आत एकवीस जण: चार पाळक, दोन नर्सबाई,
बाकी आम्ही भगिनी मंडळाच्या,
पर्समध्ये चष्मा आणि वेलदोडे घेऊन आलेल्या.
सांत्वन काय, ते तर आम्ही जन्मभर करत आलो.

मकासरे बाई फळ्यावर काही लिहीत नाहीत.
पहिल्या दिवशी नुसत्या खुर्च्या हलवतात.
"येणारीची खुर्ची दाराजवळ. तुमची आत.
तिला उठून जाता आलं पाहिजे
तुमचे गुडघे न ओलांडता."

मी वहीत उतरवून घेतलं.
मग पेन थांबलं.
आमच्या बैठकीच्या खोलीत
दाराजवळ मी बसते, पंख्याखाली.
सव्वीस वर्षं.
आलेल्या प्रत्येकीला आतला कोच दिला,
मानाचा.

सुवार्ता भालेराव त्याच कोचावर बसली होती.
मे महिना, आणि मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाउज.
मी बाह्या पाहिल्या. पाहिल्या, हे इथे लिहून ठेवते.
नवरा मंडळीत वडील, दानपेटीची किल्ली त्याच्याकडे,
उपासनेत त्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा.
ती म्हणाली, पाळकबाई, घरी जाववत नाही.
मी विचारायचं ते विचारलं, म्हणाले, प्रार्थना करू.
डोक्यावर हात ठेवला, तशी ती दचकली.
मला वाटलं, आत्म्याचा स्पर्श.

नंतर मीच सीबीएसपर्यंत गेले सोबत,
पिंपळगावच्या एसटीत रुमाल टाकून जागा धरली,
हातात काळ्या मनुकांची पुडी दिली.
गाडी हलली. मनात म्हटलं,
एक घर वाचलं.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या. जोड्या.
थियोफिल त्रिभुवन, चोवीस वर्षांचा,
तो समुपदेशक, मी येणारी.
चिठ्ठीत तीन ओळी, बाकीचं आपण भरायचं.
मी भरायला तोंड उघडलं
आणि त्या पोराने, चांगल्या, गुणी पोराने,
पुढे झुकून विचारलं,
"ताई, तुमच्याकडून काही चुकलं होतं का?"

नाटकच ते. मागे कुकरची तिसरी शिटी.
आणि पायरी आहे समजून टाकलेलं पाऊल
खाली, खाली जात राहिलं.
प्रश्न माझा होता. शब्दन् शब्द.
कुठून उचलला त्याने?

"थांबा," मकासरे बाई म्हणाल्या. "परत."
परत त्याला काही सुचेना.
गप्प बसला, कानाच्या पाळ्या लाल.
त्या गप्प बसण्यात
मला पहिल्यांदा बोलावंसं वाटलं.

लहानपणापासून पत्त्यात लिहीत आले, शरणपूर.
जहाजांवरून सोडवलेली परमुलखातली पोरं
कधीकाळी इथे आणून ठेवली होती म्हणतात.
नाव ठेवणाऱ्यांच्या मनात आसरा असणार.
आम्ही मात्र बायकांना सांगत राहिलो,
शरण जा.

घरी येऊन खुर्ची सरकवली.
हे म्हणाले, "तिथे तुला वारा लागायचा नाही."
म्हटलं, नको लागू दे.

नंबर मिळायला आठवडा गेला.
ओझरला द्राक्षांच्या पॅकिंग शेडमध्ये असते म्हणे,
एकटी की कशी, विचारलं नाही.
क्षमा मागायची नाही एवढं ठरवलं होतं.
मागितली की परत तिनेच द्यायची.

"सलाम, पाळकबाई."
कोरडा आवाज, अकरा वर्षं वाळलेला.
मी म्हणाले,
"त्या दिवशी मी तुझ्या बाह्या पाहिल्या होत्या."

पलीकडे शेडमध्ये कुणीतरी पेट्या मोजत होतं.
सत्तावीस. अठ्ठावीस.
तिने फोन ठेवला नाही.
मी काही भरलं नाही मध्ये.
एकोणतीस.
तीस.