चार्ज

हे घे उईके, डेडस्टॉक रजिस्टर.
पुठ्ठा सुटला आहे, जपून धर.
पान एक्केचाळीसपर्यंत ढोमणेबाबूंचं, हिरव्या शाईतलं,
पुढचं माझं.

संगणक एकेचाळीस. चालू छत्तीस.
पाच काहून बंद, असं ऑडिटवाला विचारेल.
'निर्लेखन प्रस्तावित' म्हण आणि चहा सांग.
एकोणीस वर्षं मी हेच म्हणत आलो,
प्रस्ताव अजून वरच्या मजल्यावर आहे.

चपलांचा रॅक रजिस्टरात सापडणार नाही.
तो मी वर्कशॉपच्या उरलेल्या अँगलचा
जोडून घेतला होता.
पहिल्या मशिनी आल्या तेव्हा त्यांना हार घातले होते,
नारळ फुटला होता,
तेव्हापासून पोट्टे अनवाणीच शिरतात आत.
आता त्याची गरज नाही, असं सर म्हणतात.
बरोबर असेल.
पण एप्रिलात बसस्टॉपवरून डांबर तुडवत आलेले पाय
त्या थंड फरशीवर पडतात ना,
तेव्हा एकदा पोट्ट्यांची तोंडं पाहा.
मग ठरव.

पान एक्कावन्न: माउस, गोळीसह, तीस नग.
शेरा माझा: गोळ्या बावीस.
आठ कुठे गेल्या ते मला माहीत होतं,
होस्टेलच्या मागे थर्ड इयरवाले गोट्या खेळत.
त्यातला एक मागच्या दिवाळीत आला,
पोटाला बटण लागत नव्हतं,
खिशातून काढून टेबलावर ठेवली. राखाडी, रबरी.
म्हटलं, बावा, हिच्यासाठी आता माउसच राहिला नाही.
तरी नोंद केली. तेवीस.

सर्व्हर रूमची किल्ली ही.
आधी थोडी उलटी, मग सुलटी, आणि दार खांद्यानं.
एसी दोन, आलटूनपालटून.
पारा सत्तेचाळीसला टेकला की
अख्ख्या डिपार्टमेंटचं त्या खोलीत काम निघतं.
एचओडीसुद्धा 'सर्व्हर पाहून येतो' म्हणतात
आणि पंधरा मिनिटं निळ्या केबलकडे पाहत उभे राहतात.
पाहू दे.
घरी वाळ्याच्या ताटीवर पाणी मारता मारता
मंडळी मला म्हणायची, तुमचं बरं आहे, थंड्यातली नोकरी.
मी कधी नाही म्हटलं नाही.

यूपीएस थांबून थांबून ओरडला तर लाइन गेली.
सलग ओरडला तर पळ.

आता नीट ऐक.
खिडकीकडची मशीन, कागद चिकटवला आहे: बंद करू नये.
ती खोब्रागडे मॅडमची. प्रणोती. पीएच.डी.वाली, वाठोड्याहून येते.
उमरेडकडच्या खाणींनी जमिनीखालचं पाणी कुठं ओढलं,
असं काहीतरी गणित आहे.
मागच्या खेपेला नऊ दिवस चाललं.
नवव्या रात्री डीपी उडाला, बॅटऱ्या जुन्या,
मी पारडीहून स्कूटरनं येईपर्यंत
स्क्रीन काळा.
मधला आकडा कुठं जपून ठेवला नव्हता म्हणाली.
रडली नाही.
पायरीवर बसून डबा खाल्ला, भेंडीची भाजी होती,
मलाही दिली,
हात धुतले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

तेव्हापासून मी दर दोन तासांनी
स्क्रीनवरचा आकडा रजिस्टरच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवतो.
ती हसली. काका, आता ते आपोआप सेव्ह होते.
होत असेल.
काल सकाळी शून्य पूर्णांक शून्य चार होता,
रात्री शून्य तीन.
कमी होत गेला पाहिजे म्हणते.
कुठवर, ते मी विचारलं नाही.

तर आज आठवा दिवस चालून राहिला.
माझा साडेपाचला सत्कार आहे, शाल वगैरे,
नंतर मला इथं यायचं कारण नाही.
सात वाजता आकडा पाहून लिहून ठेव.
पेन दोरीला बांधला आहे, तोही रजिस्टरात नाही.
फोन करू नको म्हणून.
म्हणजे,
केलास तर उचलीन.