सुट्टे द्या

सांगलीत, वखार भागात,
हळदीची पोती घेऊन शेवटचा ट्रक गेला
की सायकल मार्टच्या पायरीवर आमची बैठक.
धूळ पिवळी. चहाही थोडा पिवळाच.

मधोमध रंगराव हुलवान,
तासगाव–विटा मार्गावर तीस वर्षं कंडक्टर.
तिकिटाला भोक पाडायचा चिमटा
हरवला म्हणून डेपोत दंड भरला,
आणि इथं खिशातून काढला.
चांगल्या उत्तराला एक भोक. टक्.
नियम एकच:
"उत्तर सुट्टं पाहिजे. शंभराची नोट दावू नका."

आण्णाप्पा चौगुले, हळदीचे अडते.
रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवण्यात जन्म गेला,
म्हणून असेल, इथं तोंड उघडं टाकतात.

"दस्तगीर, तुझ्या पेरूत अळी निघाली."
"वजनाला धरली न्हाई ती. वर घातलीया."
टक्.

"तारामती, तुझ्या भडंगात शेंगदाणं हुडकावं लागत्यात."
"हुडकल्यावर घावत्यात न्हवं?
तुमच्या सौद्यात खरं बोलणं हुडकून दावा."
रंगराव चिमटा हवेत धरून म्हणतात,
"पन्नासाची नोट हाय. पण चालती."
टक्.

आणि मी, घड्याळं दुरुस्त करणारा नेमू.
"आख्ख्या गावाचं टायम ह्यो लावतोय," दस्तगीर म्हणायचा,
"ह्येचं उत्तर तेवढं पॅसेंजरनं येतंय,
मिरजेत इंजिन बदलून."
टक्, टक्.
चहाचे पैसे माझ्याकडं.

खोटं नव्हतं ते.
रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
माझं उत्तर फलाटावर उतरायचं, धारदार, नेमकं,
मी अंथरुणात बसून ते मोठ्यानं म्हणायचो.
बायको कूस बदलायची:
"त्यास्नी सांगा की. मी काय केलंय?"
याचंही उत्तर मला दुपारी सुचायचं.

भादव्यात दस्तगीरला झटका आला. उजवी बाजू गेली.
डॉक्टर म्हणाले, शब्द आहेत आत,
वाट बुजलीय.
पायरीवर आम्ही बोलायचो, पण कशावर,
तर दरवाढीवर.
चिमट्याला गंज धरू नये म्हणून रंगराव
रिकाम्या हवेत दोनदा दाबून बघायचे.

पौषात पुतण्यानं रिक्षातून आणून बसवला त्याला.
हात मांडीवर ठेवलेला, कुणाचा तरी सांभाळायला दिल्यासारखा.
चौगुलेंना राहवेना. डोळे पुसत पुसतच म्हणाले,
"काय लगा, निम्माच आलास की!"

तारामतीनं चौगुलेंकडं असं पाहिलं
की भडंग तिथंच भाजून निघावं.
दस्तगीरचे ओठ हलले. काही आलं नाही.
पुन्हा हलले.
ती त्याच्या तोंडात शब्द द्यायला पुढं सरकली,
मी तिचा पदर ओढला. आयुष्यात पहिल्यांदा
मी वेळेवर काही केलं.
मला ठाऊक होतं हे थांबणं.
गाडी निघालेली असते. मिरजेत इंजिन बदलत असतात.
कुणी रुळावर पुढं पळत जायचं नसतं.

चहावर साय धरली.
समोरच्या वखारीचं कुलूप लागलं, किल्ली खिशात गेली,
हमाल घराकडं निघाले.

"निम्मा..." दस्तगीर म्हणाला.
रंगरावांचा चिमटा वर, अधांतरी.
"...वजनाला."
आम्ही श्वास धरलेला.
"निम्मा... वर."

टक्.
टक् टक् टक् टक् टक्.
त्या तिकिटात भोकंच उरली, कागद उरला नाही.
चौगुलेंनी चहाचे पैसे दिले, स्वतःहून,
सांगलीत असं पूर्वी घडल्याचं कुणी ऐकलेलं नाही.

त्या रात्री दोन-दहाला मला एक सुचलं.
बायकोला उठवलं नाही.
सकाळी दुकान उघडायच्या आधी
दस्तगीरच्या घरी जाऊन सांगून आलो.

तो अजून विचार करतोय.
आज तिसरा दिवस.
मला घाई नाही.