तिसऱ्या दिवशी

पिठाच्या पोत्यांमागे चार पिल्लं झाली.
तिघं वाढली.
चौथीचं फक्त पोट वाढलं.

मांजर चाटायची सगळ्यांना, शेपटीखाली,
त्याशिवाय तान्ह्या पिल्लाचं पोट हलत नाही.
चौथीपाशी जीभ अडायची,
पुन्हा फिरायची,
अंधारात भिंतीवर बटण चाचपावं तशी.

दुधावर होती तोवर निभावलं.
जे यायचं ते पातळ, भलत्याच वाटेनं, थेंब थेंब.
मग तिनं पहिला मासा खाल्ला.

बद्री भट्टीवाला, कुताइसीत, रिओनी नदीच्या अल्याड,
कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग.
टोपीत घालून आणलं तिला,
वर पाव झाकायचं फडकं.
म्हणाला, "हिला मागचं दारच नाही,"
आणि स्वतःच लाजला.

डॉक्टर त्सियाला हसल्या नाहीत.
काट्यावर ठेवली: चारशे दहा ग्रॅम.
"टोपीसकट?"
"टोपी काढा."
तीनशे वीस.

शेपटीखाली सपाट कातडी.
त्यांनी चिमट्यानं हलकेच टोचलं
आणि आत काहीतरी आक्रसलं.
स्नायू होता.
दार नव्हतं, पण दारवान
जन्मापासून जागेवर उभा होता.

हातमोज्यांत कोमट पाणी भरून
दोन्ही कुशींना ठेवलं.
भूल द्यायला सिरिंज कापून केलेला मुखवटा.
आत फुगलेलं आतडं, चुकीच्या जागी उघडलेलं:
ते सोडवायचं,
ती वाट शिवून टाकायची,
टोक अलगद खाली ओढायचं.
स्नायू कापायचा नाही,
त्याच्या मधून जायचं,
मग कातडीला टाके, गोल, केसाहून बारीक.
आठ.
सहावा उसवून पुन्हा घातला.

बाहेर बाकावर बद्री.
भट्टी तशीच टाकून आलेला,
त्या संध्याकाळी गल्लीनं करपलेला पाव खाल्ला
आणि कुणी कुरकुर केली नाही,
असं तो सांगतो. थोडी केली असणार.

"होईल ना बरी?"
"माहीत नाही. जागा आकसेल, पुन्हा रुंदावावी लागेल.
कदाचित जन्मभर गळेल.
त्या स्नायूनं आजवर काही धरलं नाही, काही सोडलं नाही.
त्याला शिकावं लागेल."

दोन दिवस वर्तमानपत्र कोरडं.

माझ्या भाषेत एकच अक्षर आहे,
नाक मुरडून म्हणायचं तेही तेच,
आणि तापातून उठलेल्या लेकराची आई
खिडकीतून शेजारणीला ओरडून सांगते
तेही तेच: शी.
झाली!
वाटाण्याएवढी, काळपट, क्रीडापानाच्या कोपऱ्यावर,
बरोबर जागेवरून.
त्सियालांनी तो कोपरा फाडून ठेवला
बद्रीला दाखवायला.
त्यानं तो दोन्ही हातांत घेतला.

अजून मधूनमधून गळतं.
पोत्यांवर त्यानं प्लॅस्टिक घातलंय.
टाके निघाल्यावर पिल्लू परत आईपाशी सोडलं.
जीभ त्या जागी आली,
जराशी थांबली,
पुढच्या पिल्लाकडे गेली.