किंजल

पन्नाशीला चार वर्षं बाकी असताना
मला किंजल केलं.
फोटो कुठल्याशा मांजराचा,
वय एकोणीस, राहणार माटुंगा,
आवड : बाईक, पाणीपुरी.
'पंचनाम्यासारखं लिहू नकोस,' साहेब म्हणाले,
'ऱ्हस्वदीर्घ चुकव थोडं.'

तरी पहिल्याच दिवशी लिहून गेलो,
'सदर व्हिडिओ आवडला.'
त्याला तो विनोद वाटला.

तेजस पाष्टे, वडाळा.
सायलेन्सर कापलेली गाडी,
रात्री दीडला फाट फाट फाट,
आणि खाली चाळीसेक लाइक,
त्यातला एक सरकारी.

तीन आठवडे बोललो.
गॅरेजात काम, मालक पगार तुकड्यांनी देतो,
आईला झोप लागत नाही.
तुझ्याच गाडीने, हे म्हणायचं राहिलं.

शुक्रवारी बोलावला मोनोच्या पुलाखाली.
भेळेच्या गाडीआड आम्ही चौघे.
गाडी धुतलेली, केसांना पाणी,
शर्टाची घडीसुद्धा मोडली नव्हती.
पावती मीच फाडली. हजार.
सही करताना तो माझ्या खांद्यावरून
रस्त्याकडे बघत होता.

रात्री खिशात किंजल थरथरली :
'पकडलं यार. बरं झालं आली नाहीस,
तुलापण नेलं असतं.
हेल्मेट आणलेलं तुझ्यासाठी. नवीन.'

साहेबांना विचारलं, खातं मिटवू?
'राहू दे. अँटॉप हिल बाकी आहे.'

जप्तीची यादी पुन्हा काढून पाहिली.
सायलेन्सर, नग एक.
हेल्मेट कुणी लिहिलेलंच नाही.