फणीचे तीन दात

मारीन्या ग्रांद, सकाळचे सात.
दाणे चार तास वाळवलेत, तरी बेल्मिरु मास्तर
मूठभर घेऊन हुंगतो.
"नायलॉन हवेतलं पाणी पितं," म्हणतो,
"माझ्या मेहुण्यासारखं, लपूनछपून."

साचा मिटतो. ऐंशी टनांची मिठी.
थंड व्हायला अठरा सेकंद.
इल्दा चौदाव्यालाच उघडते.
फणी पडते ट्रेमध्ये, पाठीत वाकलेली,
शेवटचे तीन दात आलेलेच नाहीत.

मास्तर रागावत नाही.
खिडकीशी धरून वाचतो तिला,
दूरच्या नातलगाचं पत्र वाचावं तशी:
"इथे हवा कोंडली. इथवर येऊन दाब थकला.
आणि ही वाक, बाई, ही तुझी घाई."

त्याचा बाप काचेच्या भट्टीवर होता,
फुंकून फुंकून गाल सैल पडलेला.
"त्याला घड्याळ लागत नसे.
श्वास संपला की काम थांबायचं."
एवढं बोलून तो तापमान दोन अंशांनी वाढवतो.

संध्याकाळी ती फणी इल्दाच्या खिशात.
भंगाराच्या वहीत एक नग कमी.
बसथांब्यावर समुद्राकडचा वारा;
ती केस विंचरते,
तीन दातांच्या जागेतून एक बट निसटते, राहते तशीच.
ओठ अजून हलतायत:
पंधरा,
सोळा