निव्वळ वजन

उदगीरच्या मोंढ्यात काट्यावर बसते मी.
भरली गाडी चढते, आकडा थरथरतो, थांबतो.
रिकामी होऊन परत येते, पुन्हा आकडा.
वजा करायचं, पावती फाडायची.
आत तूर आहे की माती,
काट्याला त्याचं काही नाही.

रात्री मोबाईलवर इंजिन लावते,
नसीर पटेलांशी हरलेला डाव
एकेक खेळी त्यात भरते.
दुपारी ट्रकच्या सावलीत पोत्यावर पट मांडून
ते मला हरवतात, आणि वर म्हणतात,
"म्याडम, तुमी लई भारी खेळायलाव,
फकस्त जिंकायलाव तवा न्हाई."

बाविसाव्या खेळीपर्यंत अधिक एक दशांश दोन.
मग मी घोड्यानं प्यादं मारलं.
उणे दोन दशांश एक.
शेजारी दोन लाल प्रश्नचिन्हं,
कानात घालावीत अशी.
घोडचूक.
शब्द इतका नेमका, की हसूच आलं.
भरली वजा रिकामी: तीन दशांश तीन,
एका उंटाहून जरा जास्तच.
उंटच गेला होता. त्या घोड्यानंच तर
इतका वेळ त्याला राखला होता.

इंजिन पुढच्या सोळा खेळ्यांची वाट दाखवतं, हिरव्या बाणांनी.
आधी मी ती पाठ करायचे,
दुसऱ्याच्या गाडीचं वजन
माझ्या पावतीवर.

आता मोबाईल पालथा ठेवून
वहीत लिहिते पहिल्यांदा:
इथं मला काय वाटलं होतं?
कितीदा उत्तर एवढंच,
की बाहेर कुणी हॉर्न दिला होता.

अकरा डावांतून निघालं ते असं:
अवघड जागी मी फारशी चुकत नाही.
चुकते ती फुकटात काही दिसलं की.
आठ वेळा.
आधी मारलं,
मागं काय उघडं पडलं ते नंतर.
आई हेच बोलायची बाजारात, वेगळ्या शब्दांत.

शुक्रवारी त्यांनी एक प्यादं मोकळं सोडलं.
हात निघाला.
तो मांडीखाली दाबून बसले.
तू इथून गेलास तर कोण उघडं पडतं?
घोड्यालाच विचारलं.
नसीरभाई सुतळीची गाठ सोडवत राहिले,
बघत नाही असं दाखवत.
चहावर साय धरली.

तरी हरलेच, एक्केचाळिसाव्या खेळीला,
वेगळ्या चुकीनं. नवीच होती.
वहीत तिला अजून नाव नाही.