साडेबावीस किलो

शांघाय. रात्रीचे पावणेदोन.
स्टेडियमच्या पोटातली बिनखिडकीची खोली,
आठ यंत्रं, आठ माणसं, चहाचा एक थर्मास.
मी ओरेस्ते, क्रेमोनाचा.
आजोबा व्हायोलिनला तारा चढवायचे, मी रॅकेटना चढवतो.
ते म्हणत, तार खोटं बोलत नाही,
खोटं बोलतो तो वाजवणारा.

अकरा वर्षं रीतिसच्या रॅकेटी माझ्याकडेच येतात.
प्रत्येकीला चिठ्ठी: ताण किती किलोचा.
लोक त्याची क्रमवारी बघतात.
मी चिठ्ठ्या बघतो.

जानेवारीत मेलबर्नला पंचवीस,
अक्षर ठसठशीत, आकड्याखाली दोन रेघा.
रॉटरडॅमच्या बंद हॉलमध्ये पंचवीस.
वाळवंटात चेंडू वाऱ्यावर उडतो म्हणून साडेपंचवीस,
ते पटण्यासारखं होतं.
मग माती. रोमला चोवीस,
त्याच्या मोज्यांतली लाल धूळ माझ्या टेबलापर्यंत.
मातीचे ठसे घोट्यांवरून गेले नव्हते तोवर गवत आलं.
जमीन बदलतोय, चालेल ना,
असं गुडघ्याला कुणी विचारलं नाही.
न्यूयॉर्कला तेवीस. रेघा नाहीत.
आज साडेबावीस, आणि चिठ्ठी दुसऱ्याच कुणाच्या हातची.

ताण उतरवला की चेंडू आपसूक लांब जातो,
खांद्याला कमी मारावं लागतं.
गुपित एवढंच आहे.
पण ते विकत घ्यायला कुणीतरी आनंदानं तयार होईल,
म्हणून चिठ्ठ्या मी खिशात घालून घरी नेतो.

दोन वाजता तो स्वतःच आला, केस ओले, पायात हॉटेलच्या सपाता.
सामना संपून सव्वा तास झाला होता;
तो सगळा वेळ उत्तेजक चाचणीवाल्यांसमोर
बाटलीमागून बाटली पाणी पीत
लघवीची वाट बघण्यात गेला.
"तीन सेट जिंकायला याहून सोपे होते," म्हणाला.

मी म्हटलं, एखाद्या आठवड्याला दांडी मार की.
तो हसला. "सक्तीची आहे ही.
नाही आलो तर शून्य मिळतं,
आणि ते शून्यसुद्धा मोजतात."
गेल्या ऑक्टोबरात इथं जे कमावलं
ते या ऑक्टोबरात पुन्हा कमवायचं,
नाहीतर सोमवारी सकाळी ते तुझं नसतंच.
असलं कर्ज मी कुठं पाहिलं नाही,
जिंकलेल्या माणसाच्या डोक्यावर बसणारं.

मी काम चालू ठेवलं.
उभ्या तारा गाईच्या आतड्याच्या, आडव्या प्लास्टिकच्या.
आतडं हळू ओढावं लागतं, घाई केली की सोलतं.
तो माझ्या हातांकडे बघत होता.
"ओरेस्ते, न खेळता नुसती टांगून ठेवली
तर ताण टिकतो का?"
नाही, म्हटलं. खुंटीवरसुद्धा उतरतो.
रात्रीत थोडा, आठवड्यात बराच.
"म्हणजे डिसेंबर," तो म्हणाला, आणि गप्प झाला.
डिसेंबरात त्याला कौनासला बर्फ बघायचा असतो.
बारा दिवस मिळतात,
त्यातले चार आबुधाबीच्या प्रदर्शनी सामन्यांना दिलेले.

सात रॅकेटी होत्या. सातवीची जुनी जाळी
मी कात्रीनं कापली, मधोमध आधी, मग बाहेर बाहेर;
एका कडेनं कापत गेलं तर चौकट वाकडी होते.
शेवटची तार सुटताना हलकासा टक आवाज येतो.
आजोबांना तो आवडायचा नाही.

"ही अशीच राहू दे," रीतिस म्हणाला.
रिकामी?
"रिकामी."
त्यानं चौकटीतून हात पलीकडे घातला, कोपरापर्यंत,
बोटं हलवून पाहिली,
आणि ती काखेत मारून लिफ्टकडे गेला.

सकाळी फलकावर त्याचं नाव होतं: दोन नंबरचं कोर्ट, अकरा वाजता.
मी सहा रॅकेटी पिशव्यांत भरून पाठवल्या.
एकीवर साडेबावीसऐवजी बावीस चढवलं होतं,
न विचारता, न सांगता.
तिला त्याचा हात लागला की नाही, कळलं नाही.
तोवर मी माझं यंत्र खोक्यात घालत होतो,
व्हिएन्नाचं विमान चारचं होतं.